मनातही नको

कवळीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण वर्कशॉपमध्ये, कोपऱ्यावरच्या दुकानात आणि रविवारच्या उपासनेतसुद्धा लोक त्यांना त्याच नावाने ओळखत. शहरातले डेंटिस्ट माणसांच्या तोंडाचे साचे पाठवायचे आणि हे त्यावरून कवळ्या बनवायचे. मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर नीट बसतो का ते बिजागरीच्या चौकटीत उघडून-मिटून बघायचं, हिरडीचा रंग वयाला शोभेल असा निवडायचा. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते म्हणायचे, "माझं तर भरलं बुवा."

काम करताना ते प्रार्थना करत. ही कवळी जो कोणी घालेल त्याला प्रभूने सुखाचा घास द्यावा, त्याच्या घरी त्याच्याशी बोलणारं कोणीतरी असावं, एवढीच. तो माणूस त्यांनी पाहिलेला नसायचा, त्याच्या टाळूचा साचा तेवढा हातात असायचा. आवाज येत नसे, पण जबडा हलायचा. शेजारच्या टेबलावरची पॉलिशवाली म्हणायची, "झाला रवंथ सुरू." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या शहरात कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. देवाला कोणी शिव्या देत नसे की देवाच्या माणसांना कोणी त्रास देत नसे. एखाद्याच्या आजोबांना टपालाची तिकिटं जमवायचा नाद असावा, तसा हा यांचा नाद, असं लोक धरून चालत. कवळीवाल्यांना कधी कधी वाटे, छळ झाला असता तर परवडलं असतं. निदान ताठ मानेने उभं तरी राहता आलं असतं.

त्यांची उपासनेची मंडळी म्हणजे बोटांवर मोजावीत इतकी म्हातारी माणसं. एका नाचाच्या वर्गाची खोली रविवारी सकाळी त्यांना मिळायची. तीन भिंतींना छतापर्यंत आरसे. गीत म्हणायला सगळे उभे राहिले की आरशात ओळीमागे ओळ दिसे, आणि पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणत, "बघा, वाढतोय आपण." सगळे हसत. मग डोळे मिटून घेत.

कवळीवाल्यांना एकच मुलगी. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं, घरात ती ठकीच. ती शाळेत असतानाच तिची आई आजारपणात गेली, आणि त्यानंतर ठकीने उपासनेला येणं सोडलं. आधी बाहेर जिन्यात बसायची, मग तेही बंद झालं. मोठी झाल्यावर ती एका वायरमनबरोबर राहू लागली, लग्नाबिग्नाच्या भानगडीत न पडता. कवळीवाल्यांची थोरली बहीण, ताई, ही मंडळीचा कणा. ती म्हणाली, "माझ्यापुरती ती पोरगी संपली." कवळीवाल्यांना तसं म्हणता आलं नाही. ते वाढदिवसाला केक घेऊन जायचे, चहा प्यायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि परत यायचे. त्यांचा विश्वास त्या दोघांच्या मध्ये अडचणीच्या खोलीतल्या कपाटासारखा उभा असायचा. दोघंही अंग चोरून त्याच्या बाजूने जायची.

मग एक दिवस वर्कशॉपमध्ये वायरमनचा फोन आला.

"काका, या. तुम्हाला कळवू नको म्हणालीय. पण या."

ठकीला पोटाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी उपचार थांबवून तिला घरी पाठवलं होतं. कवळीवाल्यांनी हातातला साचा खाली ठेवला, रजा टाकली आणि निघाले. वायरमनला कामावर जाणं भाग होतं, तेव्हा दिवसा यांनी बसायचं असं ठरलं. एक नर्स सकाळी येऊन दुखणं दाबायचं औषध देऊन जायची.

पहिल्या दिवशी ते ठकीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. झोप लागली असेल असं समजून त्यांनी डोळे मिटले.

"बाबा, ते नको."

"काय नको?"

"चाललंय ते."

"मी कुठे काय बोललो?"

"जबडा हलतोय तुमचा. खिडकीच्या काचेत दिसतंय मला."

ते ओशाळले. "बरं, मनात करतो. तुला कळणारही नाही."

"मनातही नको," ठकी म्हणाली. तिने हळूहळू कूस बदलली, तेवढ्यानेही तिला धाप लागली. "घरी जाऊनही नको. आणि त्या तुमच्या आरशांच्या खोलीत माझं नाव घेऊन तर मुळीच नको. मी गेल्यावरही नको. ना निरोपाच्या हॉलमध्ये, ना कुठे."

"ठके, अगं हे काय मागतेस? श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं झालं हे."

 ती म्हणाली, "आई आजारी होती ना, तेव्हा सगळी मंडळी आपल्याकडे जमायची. एकदा आत्याने मला स्वयंपाकघरात नेलं. म्हणाली, लेकराचं मागणं देव टाळत नाही. तू अगदी मनापासून मागितलंस तर तुझी आई उठेल. मी मागितलं, बाबा. शाळेत मागितलं, बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून मागितलं. आई गेली तेव्हा मला वाटलं, माझंच काहीतरी कमी पडलं. मी नीट मागितलं असतं तर ती राहिली असती. ते मनातून जायला किती वर्षं गेली, तुम्हाला सांगू?"

कवळीवाल्यांना हे ठाऊकच नव्हतं. "ताई असं म्हणाली? मला का नाही सांगितलंस तेव्हा?"

"तुम्ही प्रार्थना करत होतात." तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "तुम्ही डोळे मिटलेत ना, की तुम्ही तिथे नसता. माझ्या डोक्यावरून कुठेतरी पलीकडे गेलेले असता. मला आता पलीकडचं कोणी नको. तुम्ही हवेत. नुसते तुम्ही. जमेल का सांगा, नाहीतर दिवसभराची नर्स ठेवेन."

"उद्या सांगतो," ते म्हणाले. 

संध्याकाळी ते पाळकांकडे गेले. पाळक वयाने लहान, आठवडाभर एका गोदामात माल मोजायचे आणि रविवारी उपदेश करायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हो म्हणा बंधू, आणि मनात करत राहा. ज्याला ऐकायचं तो ऐकेल."

"म्हणजे मरायला टेकलेल्या पोरीशी खोटं बोलू?"

 "मला नाही सांगता येत," पाळक म्हणाले. कवळीवाल्यांना त्यांचा राग आला नाही. राग आला तो ताईचा. त्यांनी तिला जाऊन विचारलं, तू पोरीला असं म्हणाली होतीस का? ताईला आठवतही नव्हतं. "म्हणालेही असेन. खोटं काय त्यात?" ती म्हणाली. "आणि हे बघ, असला शब्द दिलास तर गाठ माझ्याशी आहे. ती बुडतेय आणि तू दोर सोडतोस?"

घरी येताना ते पायी आले. चालता चालता त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. प्रभू कोणाच्या घरात दार फोडून शिरला नाही. ज्यांनी नको म्हटलं त्यांच्या उंबऱ्यावरून तो मुकाट्याने निघून गेला. मग आपण कोण मागच्या भिंतीला भोक पाडणारे? जन्मभर प्रीती, प्रीती म्हणत आलो. मुलीने पहिल्यांदाच काही मागितलं, आणि तेही नाही म्हणायचं?

सकाळी त्यांनी सांगितलं, "दिला शब्द."

"खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असं नको हं."

"कवळीवाल्याला शिकवतेस?"

ठकी हसली. ते हसू बघून त्यांना वाटलं, आपण केलं ते बरोबरच केलं.

शब्द देणं सोपं होतं. प्रार्थना ही त्यांनी करायची गोष्ट उरलेलीच नव्हती, ती आपोआप व्हायची, उचकी लागावी तशी. ठकीला पाणी पाजायला गेले की "प्रभू" ओठांपर्यंत यायचं. तिचे पाय चोळायला बसले की यायचं. ते परतवायचं कसं? त्यांनी एक उपाय काढला. शब्द आला की मनात दात मोजायचे. पटाशीचा, दुसरा पटाशीचा, सुळा, उपदाढ, दाढ, अक्कलदाढ. वरची ओळ झाली की खालची. तेवढ्यात उचकी ओसरायची. पुढे पुढे तर शब्द यायच्या आधीच दात यायला लागले.

आणि एक मात्र खरं, ते तिच्याजवळ राहिले. डोळे उघडे ठेवून राहिले. तिच्या मानेवरचा तीळ तिच्या आईच्या तिळासारखाच आहे हे त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. तिची चादर कशी ओढली म्हणजे तिला दुखत नाही, कुठला चमचा तिच्या तोंडात नीट जातो, हे त्यांना कळू लागलं. ती कधी त्यांची नक्कल करायची, कधी पॉलिशवालीचे किस्से पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. दुपारी ऊन पलंगावर आलं की दोघं गप्प पडून राहायची. मधलं कपाट कोणीतरी हलवलं होतं. बाप-लेकीला इतकी मोकळी जागा कधी मिळालीच नव्हती.

हे टिकणारं नव्हतंच. शेवटी शेवटी औषध पुरेना. एका संध्याकाळी वायरमन कामावरून आला तेव्हा ठकी उशी चावत होती. नर्सला फोन केला, ती दुसऱ्या कोणाकडे अडकली होती, यायला वेळ लागणार होता. आतून येणारा आवाज माणसाचा वाटत नव्हता. वायरमन पट्ट्यातली पक्कडही न काढता स्वयंपाकघरात आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "काका, काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?"

"तुमचं ते. प्रार्थना. तुम्हाला येते ना."

कवळीवाले सिंकला टेकून उभे होते. "मी तिला शब्द दिलाय," ते म्हणाले.

"तिला नाही ऐकू जाणार. इथे म्हणा, हळू. मला नाही विश्वास त्या कशावर, पण तुम्हाला आहे ना? मग म्हणा. कोणी असलाच तर ऐकेल. नसला तर आपलं काय जातंय?"

"मनातही नाही म्हणून शब्द दिलाय रे."

"अहो, ती तडफडतेय तिकडे!" वायरमनने त्यांचे दोन्ही दंड धरले.  "माझ्यासाठी म्हणा. तिचं नाव नका घेऊ. माझं घ्या."

क्षणभर त्यांचा जबडा हललाही. मग आतून ठकीने "बाबा" अशी हाक मारली, आणि ते म्हणाले, "नाही. तिने मला विचारलं तर मी काय सांगू?"

वायरमनने हात सोडले. "मग तुमचा उपयोग काय?" तो म्हणाला. चिडूनही नाही म्हणाला. खरंच विचारत असल्यासारखा म्हणाला.

कवळीवाले आत गेले. दात मोजत मोजत त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने नर्स आली.

त्यानंतर ठकी फारशी जागी झाली नाही. एका दुपारी, वायरमन औषध आणायला खाली गेला होता तेव्हा, तिचा श्वास लांबत गेला आणि थांबला. त्यांनी वाट पाहिली. पुन्हा आला नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं. कवळीवाल्यांनी तळहाताने तिची हनुवटी वर केली आणि वरच्या दातांवर खालचे दात नीट बसेपर्यंत धरून ठेवली. वायरमन परत आला तरी त्यांचा हात तिथेच होता. सारा जन्म ज्या क्षणासाठी त्यांनी प्रार्थनेचे शब्द जपून ठेवले होते तो क्षण आला होता, आणि त्यांनी एकही शब्द काढला नाही.

निरोप नगरपालिकेच्या हॉलमध्ये झाला. तिच्या मैत्रिणी बोलल्या, एकीने तिचे फोटो पडद्यावर दाखवले, लोक रडले आणि हसलेही. सगळं नीटनेटकं होतं. मंडळीतली माणसं मागच्या रांगेत कोट घालून बसली होती. शेवटी सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले असताना ताईचा आवाज आला.

"हे दयाळू पित्या..."

माना वळल्या. लोक अवघडले. कवळीवाले पहिल्या रांगेतून उठले, सगळ्यांच्या देखत मागे चालत गेले आणि बहिणीसमोर उभे राहिले.

"ताई, बस खाली."

"मला बोलू दे. कोणीतरी तिच्यासाठी बोलायला हवं."

"तिला नको होतं. बस."

ताई बसली नाही. "तू बाप आहेस?" ती म्हणाली. "स्वतःच्या पोरीला हाताने ढकललंस तू. पुढच्या जन्माची आशा नाही आपल्याला, माहीत आहे ना? जे व्हायचं ते इथेच, एकदाच. आणि तू तिचं दार लावून घेतलंस."

ती उठून गेली. तिच्यामागून एकेक करून मंडळीही गेली. पाळक तेवढे दारात घुटमळले, मग तेही गेले. हॉलमध्ये लोक कॉफी घेऊ लागले. ठकीच्या एका मैत्रिणीने कवळीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "थँक यू हं काका. तुम्ही किती समजूतदार आहात." ते त्यांना ताईच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

घरी येऊन त्यांनी गुडघे टेकले. ठकीसाठी नाही, तो शब्द कायमचा होता. स्वतःसाठी, ताईसाठी, त्या वायरमनसाठी. एवढी तरी मुभा होतीच. त्यांनी डोळे मिटले आणि वाट पाहिली. पटाशीचा. सुळा. उपदाढ. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. ओठांनी "प्रभू" म्हणून पाहिलं. शब्द उच्चारला गेला, पण तो कुठेच जाईना. तोंडातच राहिला, लाकडाचा तुकडा चघळावा तसा.

दमलो असू, म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठवडे गेले. कामावर हात चालत होते, कवळ्या तयार होत होत्या, जबडा मात्र गप्प. पॉलिशवालीने एकदा विचारलं, "बरं नाही का?" त्यांनी मान हलवली. एका रविवारी ते आरशांच्या खोलीत गेले. ताईने तोंड फिरवलं. गीत सुरू झालं, त्यांनाही सगळं पाठ होतं, त्यांनी म्हटलं. समोरच्या आरशात एक म्हातारा तोंड उघडत होता आणि मिटत होता. ते पुन्हा तिकडे गेले नाहीत.

पाळक घरी येऊन गेले. "असं होतं बंधू," ते म्हणाले. "कोरडा काळ असतो. परत येईल."

"मी तिच्यापुरतंच दार लावलं होतं हो," कवळीवाले म्हणाले. "घराला दुसरं दार नाही, हे मला कुठे माहीत होतं?"

पाळकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. कवळीवाले डोळे उघडे ठेवून त्यांच्याकडे बघत बसले. भला माणूस, असं त्यांना वाटलं. बाकी काहीच वाटलं नाही.

तिकडे वायरमनने कामावर जाणं सोडलं होतं. ठकीचा पलंग तसाच, चादर तशीच. कवळीवाल्यांना हे कळलं ते शेजारणीच्या फोनवरून. ते संध्याकाळी वर्कशॉप सुटल्यावर तिकडे गेले. वायरमनने दार उघडलं आणि परत जाऊन जमिनीवर बसला. दाढी वाढलेली, खोलीला कोंदट वास. त्या स्वयंपाकघरातल्या संध्याकाळनंतर दोघं धड बोललेच नव्हते.

"जेवलास का?"



कवळीवाल्यांनी खिडकी उघडली. चादर काढून धुवायला टाकली. भाताला आधण ठेवलं.

"काका," वायरमन खालूनच म्हणाला, "ती कुठे असेल हो?"

आयुष्यभर हा प्रश्न त्यांना कोणीतरी विचारावा म्हणून ते थांबले होते. बसच्या रांगेत, वर्कशॉपमध्ये, दवाखान्यात, कोणीही विचारलं असतं तरी त्यांच्याकडे उत्तर होतं, आणि ते ऐकणाऱ्याला पोटाशी धरून सांगितलं असतं. कोणी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"मला माहीत नाही रे," ते म्हणाले.

"तुम्हालाही?"

"मलाही."

वायरमन तोंड झाकून रडू लागला. कवळीवाले त्याच्याजवळ जाऊन बसले.  भात शिजला तेव्हा त्यांनी तो कालवला आणि त्याच्या पुढ्यात धरला. त्याने खाल्ला.

मग ते रोजच जाऊ लागले. तो हळूहळू कामावर जायला लागला, तरी जात राहिले. पूर्वी त्यांनी ह्याला सेवा म्हटलं असतं. कोणीतरी हे बघतंय, कोणाच्या तरी नावाने हे चाललंय, असं वाटून हात हलके झाले असते. आता तसं काही होत नसे. भांडी खरकटी असायची, म्हणून ते घासायचे. पाणी गार असायचं, कंबर दुखायची. भांडी पालथी घालून ते कोट चढवायचे, "येतो रे" म्हणायचे, आणि जिना उतरून मोकळ्या रस्त्याने घरी जायचे.